डावा हात वर!

आमच्या वर्धा जिल्ह्यात बोरच्या जंगलात वाघ आहे. तो दिसावा म्हणून माणसे पैसे मोजून, पहाटे उठून जातात. तीच माणसे गावात दंततपासणीचे फुकट शिबिर भरले की मागच्या दाराने शेताकडे निघतात!

आमच्या देवळीच्या मामाजींचेच घ्या. वय ७४. उजवीकडची दाढ आठ महिने ठणकत होती. लवंगेचे तेल लावावे, डावीकडून जेवावे आणि कोणी दवाखान्याचे नाव काढले की सेवाग्रामकडे बोट दाखवावे. "अरे, बापूजींच्या तोंडात दात नव्हते, तरी इंग्रज गेलाच ना!" १९३६ साली गांधीजी तिथे, म्हणजे तेव्हाच्या सेगावात, राहायला आले आणि त्यांचे बोळके हसू पुढे साऱ्या जगाने पाहिले, हे खरे. पण जेवणापुरती का होईना, ते कवळी लावीत, हे मामाजी सोयिस्करपणे विसरत. शिवाय बापूजींचे उकडलेल्या भाजीवर भागे. मामाजींना लागतो हुरडा.

तरी त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. लहानपणी त्यांनी बाजारात दात उपटणारा पाहिला होता. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाची हनुवटी! दातांच्या दवाखान्यात आज सर्रास टोचतात ते लिग्नोकेन स्वीडनच्या निल्स लॉफ्ग्रेनने १९४३ साली तयार केले. म्हणजे मामाजींहून ते वयाने मोठे. पण त्या बाजारापर्यंत काही पोचले नव्हते.

हे औषध करते काय, तर दातापासून मेंदूकडे निघालेली वेदनेची बातमी वाटेतच, मज्जातंतूत, अडवते. दाब कळतो, ओढ कळते, कळ मात्र येत नाही. पण दाढेखाली पू होऊन सूज आली की तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही. दुखेल म्हणून लांबवावे, आणि लांबवल्यामुळेच दुखण्याची शक्यता वाढावी, असा हा मामला आहे. वेळीच गेले तर नुसत्या सिमेंटवर भागते. (खर्रा खाणाऱ्यांची गोष्ट निराळी. सुपारीने हळूहळू तोंडच उघडेनासे होते. डॉक्टर आरसा घालणार कुठून?)

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजींचा गाल टम्म फुगला. ताप आला, घास गिळवेना. दाढेची सूज गळ्याकडे उतरू लागली तर जिवावर बेतते. अशा वेळी एक रात्रसुद्धा थांबू नये. मामीजींनी डोळ्याला पदर लावला आणि मी गाडी काढली.

सावंगीला १९९१ पासून दंत महाविद्यालय आहे, तिथे गेलो. आत शिरताच मामाजी थबकले. "लवंगेचा वास येतो काय रे?" येणारच! दातात तात्पुरते जे भरतात, त्यात लवंगेच्या तेलातलेच युजेनॉल असते. घरचा वास आल्यावर मामाजी खुर्चीपर्यंत तरी गेले.

डॉक्टरीण त्यांच्या नातीच्या वयाची. तिने आधी रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "आजोबा, दुखलं की डावा हात वर करा. मी थांबेन." तिने आरसा उचलायच्या आत मामाजींचा हात वर! ती थांबली. पुन्हा हात वर, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा मात्र हात मांडीवरच राहिला. माणूस दुखण्याला जितका भितो, त्याहून जास्त आपले कोणी ऐकणार नाही ह्याला भितो, असे मला तरी वाटते. खुर्चीत बसण्याआधीच ही हाताची खूण ठरवून घ्यावी. डॉक्टर विसरले तर आपण सांगावे, त्यात लाजण्यासारखे काय आहे?

त्या दिवशी पू काढून औषधे दिली. पाचव्या दिवशी दाढ निघाली. मामाजींनी ती कागदात बांधून मागून घेतली.

घरी मामीजींनी विचारले, "दुखलं काय जी?" तोंडात बोळा असल्याने मामाजींनी नुसती मान हलवली. मामीजी थोडा वेळ दाराशीच उभ्या राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "मंग माझीबी दाखव ना बाबू. दोन वरसं झाली."