लेकरांच्या हाती कॅमेरा

भोपाळला अवधपुरीत राहणाऱ्या भाचीचा फोन आला, 'मावशी, लेक पाच वर्षांची होतेय. कॅमेरा कुठला घेऊ गं?'

म्हटलं, मेगापिक्सेल विचारूच नकोस. जाड मुठीचा, रबरी कडांचा, मोठ्या बटणाचा घे. सेलच्या झाकणाला स्क्रू हवा. दोरी मनगटाची, गळ्यातली खेळताना अडकते. २००६ मध्ये फिशर-प्राइसने लहानग्यांसाठी कॅमेरा काढला, त्याला बघायला दोन खिडक्या होत्या. या वयात एकच डोळा मिटता कुठे येतो? जुना मोबाइल मात्र नको, त्यात कार्टूनच बघत बसेल.

आणि फोटो पुसू नकोस, अज्जीचे नुसते गुडघे आले तरी. माझ्या सासूबाईंचा शेवटचा फोटो माझ्या लेकानंच काढलेला. तिरका, 'साकु, साकु' म्हणत हात आडवा धरलेला.