पुडीतल्या गोळीलाही नाव असतं

मालेगाव, भिवंडी किंवा मुंब्रा, आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात रात्री दहा वाजता जाऊन पाहा. गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात गर्दी असते. नाडी, स्टेथोस्कोप, एखादं इंजेक्शन आणि कागदाच्या पुडीत बांधलेल्या सुट्ट्या गोळ्या. एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी. "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर." पेशंट पुडी खिशात टाकतो आणि निघतो. आपण काय घेतोय, हे त्याला माहीत नसतं आणि विचारायचं असतं, हेही त्याला वाटत नाही.

या दवाखान्यांना शिव्या देण्यासाठी हा लेख नाही. ते रात्री उघडे असतात, आपल्या बोलीत बोलतात, उधारीही ठेवतात. सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं तर रोजंदारीवर पाणी सोडावं लागतं. लोक तिथे जातात, ते कारणाशिवाय नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बिननावाची गोळी घेणं आपण बंद केलं पाहिजे, आणि हे काम घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हाती घेतलं पाहिजे.

नावाने काय फरक पडतो? सर्वांत ओळखीची गोळी घ्या. क्रोसिन आणि डोलो ही दुकानातली नावं, आतलं औषध एकच, पॅरासिटामॉल. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं आणि नेमून दिलेल्या मात्रेत सुरक्षित आहे. निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 4000 मिलिग्रॅम. लिव्हरचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल, तर त्याहून कमी. आता हिशेब करा. अब्बूंनी तापासाठी 650 ची गोळी दिवसातून चार वेळा घेतली, झाले 2600. सर्दीसाठी वेगळी गोळी तीन वेळा घेतली, तिच्यातही 500 पॅरासिटामॉल होतं, झाले 1500. बेरीज 4100. दोन्ही गोळ्या "साध्या"च, पण मर्यादा ओलांडली गेली आणि त्याचा मार बसतो लिव्हरवर. पाकिटावरचं नाव वाचलं असतं, तर हे टळलं असतं. पुडीवर वाचायला काही नसतंच.

दुसरं औषध अंगदुखीचं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. सूज आणि वेदना त्यामुळे कमी होते. पण हीच रसायनं पोटाचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठाही राखतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तास उभा राहून घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा कामगार पाठ दुखते म्हणून रोज अशी गोळी घेत असेल, तर तो पाठीचं दुखणं मूत्रपिंडावर ढकलत असतो. डेंग्यूचा संशय असताना या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन टाळायला सांगतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा तापाला पॅरासिटामॉलच. पण पुडीतली पांढरी गोळी कोणती, हे कोण सांगणार?

तिसरं औषध स्टेरॉईड. डेक्सामिथासोन, प्रेडनिसोलोन ही फार मोलाची औषधं आहेत, योग्य आजारात जीव वाचवतात. पण ती घेतल्यावर दुखणं, दम, थकवा इतक्या झपाट्याने कमी होतो की पेशंटला वाटतं, "डॉक्टरच्या हाताला गुण आहे." तपासणीशिवाय महिनोन्‌महिने चालली, तर साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, प्रतिकारशक्ती दबते. दाटीवाटीच्या वस्त्यांत अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात, ते अशा वेळी जागे होऊ शकतात. आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉईड एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण तोवर शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करून बसलेलं असतं. नाव माहीत नसेल तर हे सांभाळायचं कसं?

चौथं अँटिबायोटिक. ते जिवाणूंवर चालतं, साध्या सर्दी-पडशाच्या विषाणूवर नाही. लिव्होफ्लोक्सासिनसारखं अँटिबायोटिक खोकल्यासाठी मधूनमधून घेतलं, तर टीबीची लक्षणं काही काळ दबतात आणि निदान लांबतं. तेवढे दिवस घरातल्या इतरांना लागण होत राहते. म्हणूनच अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ.

रमजानमध्ये हा प्रश्न आणखी नाजूक होतो. दिवसातून तीन वेळची गोळी इफ्तार आणि सहरीत बसवायची असते. कधी दुपारची आणि संध्याकाळची एकदमच घेतली जाते. साखरेच्या गोळ्याही सगळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही, ग्लिमेपिराइडने रोजात जाऊ शकते. म्हणून रमजानच्या आधी, औषधांची नावं हातात घेऊन डॉक्टरांना विचारावं. आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. अम्मीला ती आठवण करून देणं यात कसलीही बेअदबी नाही.

"डॉक्टरला विचारायचं कसं? त्यांना राग येईल," असं घरातले मोठे म्हणतात. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक हदीस आहे. तिचा आशय असा की वैद्यकीचं ज्ञान नसताना जो इलाज करतो, तो झालेल्या नुकसानीला जबाबदार असतो. म्हणजे इलाजातली जबाबदारी ही आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच मानलेली गोष्ट आहे. मग नाव विचारणं हा उद्धटपणा कसा? आणि डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं लिहावं, ही अपेक्षा वैद्यकीय परिषदेच्या नियमांतही आहे. मूळ नाव कळलं की तेच औषध जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं का, हेही पाहता येतं.

तेव्हा सुरुवात घरातून करा. या आठवड्यात घरातल्या सगळ्या गोळ्या एका जागी आणा. कोण कोणती घेतं, किती मिलिग्रॅम, कधीपासून, हे मराठीत किंवा उर्दूत एका वहीत लिहा. पुडी मिळाली तर नम्रपणे सांगा, "डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर नावं लिहून द्या." कुणाची गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका, वही घेऊन डॉक्टरकडे जा. औषधाने त्रास झाला तर 1800-180-3024 या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर कळवता येतं. मोहल्ल्यातल्या तरुण मंडळाने महिन्यातून एका जुम्म्याला, नमाजनंतर, ओळखीच्या फार्मासिस्टला बसवून लोकांच्या गोळ्या वाचून दिल्या, तर खर्च चहापुरता येईल.

रक्तदान शिबिराला आपण शंभर जण जमतो. गोळीचं नाव वाचायला घरटी एक जण पुरे.