नातीचा प्रवेश आणि आजोबांची पुंजी



बारावीचे निकाल लागले आणि पेरणीची लगबग सुरू झाली की आमच्या टपालाचे स्वरूप बदलते. एरवी रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखीविषयी विचारणारे ज्येष्ठ वाचक या दिवसांत नातवंडांच्या प्रवेशाविषयी लिहू लागतात. आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. पण ज्या घरात दुखण्यासाठी राखून ठेवलेला पैसाच शिक्षणाला काढावा लागतो, त्या घरात हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत.

यंदा हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातून एका आजोबांचे पत्र आले. त्यांच्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून आजीचे अंघोळपाणी, गोळ्यांच्या वेळा, कुशीवर वळवणे, सारे नातच पाहते. यंदा ती कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. गावात एक गृहस्थ येऊन गेले. ‘एका वर्षात नर्सिंग, शंभर टक्के नोकरी’ असे सांगून त्यांनी सत्तर हजार रुपये मागितले. आजोबांनी हळदीचे पैसे स्वतःच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवले आहेत. ते लिहितात, ‘पैसे भरू काय? आणि पोर गेली तर हिच्याजवळ कोण बसेल?’

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज द्यावयाची आहेत, कारण असे घर एकटे नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. परदेशात काही ठिकाणी दोन वर्षांत महाविद्यालयीन पदवी मिळते. आपल्याकडे बारावीनंतर दोन वर्षांत मिळते ती बहुधा पदविका, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘डिप्लोमा’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमातूनही दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे. मात्र केवळ तेवढ्याने एखादा व्यवसाय करण्याचा परवाना मिळत नाही. व्यवसायाची दोन वर्षे निराळी असतात. त्यांच्या शेवटी एखाद्या परिषदेकडे नावाची नोंदणी होते आणि त्या नोंदणीवर काम करण्याचा अधिकार मिळतो.

अशी दोन वर्षे शिकलेली माणसे आपल्या परिचयाची आहेत. उपकेंद्रात आपला रक्तदाब पाहणाऱ्या ‘सिस्टर’ आणि औषधांच्या दुकानातील फार्मासिस्ट ही त्यांतली दोन.

उपकेंद्रातील सिस्टर म्हणजे आरोग्यसेविका. तिच्या शिक्षणाला ए.एन.एम. म्हणतात. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा दंडक आहे. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, तिशीपुढील माणसांचा रक्तदाब व साखर पाहणे, ही कामे तेथूनच चालतात. पुष्कळजण आशाताईंना आणि सिस्टरना एकच समजतात. आशा या गावातील स्वयंसेविका असून त्यांना कामानुसार मोबदला मिळतो. त्यांच्या कामासाठी हा अभ्यासक्रम लागत नाही. आरोग्यसेविकेचे मात्र दोन वर्षांचे रीतसर शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली असते.

ए.एन.एम.ला कला शाखेची विद्यार्थिनीही पात्र ठरते, ही पत्रातील आजोबांसाठी महत्त्वाची गोष्ट. वय किमान सतरा वर्षे पूर्ण हवे. हा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे. मुलगा असेल तर त्याच्यासाठी जी.एन.एम. हा तीन वर्षांचा मार्ग खुला आहे. दोन वर्षांतील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. पुढे जिल्हा परिषदेची आरोग्यसेविका, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी जागा आणि खासगी रुग्णालये अशा वाटा आहेत. कायम जागेची भरती वर्षावर्षाला होत नाही आणि कंत्राटी जागेचे मानधन बेताचे असते, हेही मुलीला आधीच सांगावे.

या शिक्षणाला पुढे पायऱ्या आहेत. ए.एन.एम. झालेली, नोंदणी असलेली मुलगी जी.एन.एम. करू शकते आणि त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा व जीवशास्त्र लागते, त्यामुळे कला शाखेच्या मुलीला तेथे थेट जाता येत नाही. या पायऱ्यांनी मात्र ती पदवीपर्यंत पोहोचते. गुण बरे असतील आणि घराला तीन वर्षे झेपणार असतील, तर बारावीनंतर सरळ जी.एन.एम. करणे अधिक हिताचे, कारण रुग्णालयातील परिचारिकेच्या जागांसाठी तेच शिक्षण मागितले जाते.

दुसरे परिचयाचे माणूस फार्मासिस्ट. त्याची पदविका डी.फार्म. बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित असावे लागते. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर किमान तीन महिन्यांत पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरे करावे लागते. औषधनिर्माणशास्त्र कायदा १९४८ चा आहे. त्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा. म्हणून दुकानात त्याचे प्रमाणपत्र लावलेले असते. २०२२ मध्ये या पदविकेसाठी नोंदणीपूर्व परीक्षेचे नियम आले आहेत. आपल्या तुकडीला ती परीक्षा केव्हा व कशी द्यावी लागेल, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवावे.

डी.फार्म. झालेल्या मुलाला रुग्णालयात किंवा दुकानात नोकरी करता येते, बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो किंवा स्वतःचे दुकान काढता येते. दुकानासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि किमान दहा चौरस मीटर जागा लागते. माल भरण्याचे भांडवल वेगळे. येथे एक मोह टाळावा. ‘प्रमाणपत्र भाड्याने द्या, घरबसल्या पैसे घ्या’ असे सांगणारे भेटतात. ज्या दुकानात फार्मासिस्टचे केवळ नाव भिंतीवर असते, तेथे आपल्यासारख्या पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला चुकीची पट्टी दिली गेली तर ती चूक पकडणारे कोणी नसते. आपल्या नातवाचे नाव अशा भिंतीवर असू नये.

नातवंडाचा कल यंत्रांकडे असेल तर दहावीनंतर आय.टी.आय.चे वीजतंत्री किंवा फिटर हे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. वीजतंत्री झालेल्यास महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी अर्ज करता येतो, पुढे पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशही मागता येतो. हे शिक्षण मुलींनाही खुले आहे. रुग्णसेवा हीच मुलींची वाट, असे घराने परस्पर ठरवून टाकू नये.

आता एक जुनी आठवण, कारण दोन वर्षांच्या पदविकेचा मोठा धडा मराठवाड्याने डी.एड.मध्ये घेतला आहे. एके काळी दोन वर्षे डी.एड. केले की शिक्षकाची नोकरी, असे समीकरण होते. त्या भरवशावर महाविद्यालये वाढली आणि अनेक घरांनी कर्ज काढून मुलांना तेथे घातले. २०१० नंतर भरती वर्षानुवर्षे रखडली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली आणि २०१७ मध्ये त्यावर अभियोग्यता चाचणीही आली. पदविका हाती होती, परंतु नोकरीच्या दाराशी नव्या परीक्षा उभ्या राहिल्या होत्या. वाट पाहता पाहता कित्येकांची उमेदीची वर्षे गेली. अभ्यासक्रम वाईट नव्हता. आज दिसणारी मागणी दोन वर्षांनीही तशीच असेल, हे गृहीत धरणे चुकले.

हिंगोलीत आज तसेच वातावरण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे महाविद्यालय आहे. १९९९ मध्ये परभणीपासून वेगळ्या झालेल्या या लहान जिल्ह्याला त्याचा मोठा आधार आहे. जेथे डॉक्टर घडतात तेथे परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि औषधनिर्मातेही लागतात. मात्र ‘नवे कॉलेज आले, आता भरती होणारच’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर सावध व्हावे. शासकीय भरती जाहिरातीने आणि परीक्षेने होते. तिची हमी कोणत्याही खासगी संस्थेला देता येत नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चष्मा लावून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, मान्यता. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.ची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, डी.फार्म. महाविद्यालयाला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते. संस्थेचे नाव चालू वर्षाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे काय, हे नातवंडाने मोबाइलवर शोधून आपल्याला दाखवावे. माहितीपत्रकावर छापलेला शिक्का पुरेसा मानू नये.

दुसरी, नोंदणी. शिक्षण संपल्यावर नाव कोणत्या परिषदेकडे नोंदले जाईल, हे स्पष्ट विचारावे. उत्तर टाळले गेले तर तेथून उठावे.

तिसरी, पायरी. येथून पुढे कोणत्या शिक्षणाला प्रवेश मिळतो? पुढची वाट बंद असेल तर दोन वर्षांनी मूल पुन्हा बारावीवरच येऊन उभे राहते.

या कसोटीवर पत्रातील ‘एका वर्षाचे नर्सिंग’ टिकत नाही. परिचारिका म्हणून नोंदणी देणारा एका वर्षाचा अभ्यासक्रम नाही. रुग्णसहायकाचे काही महिन्यांचे प्रशिक्षण असते आणि ते प्रामाणिकपणे दिले तर उपयोगीही पडते. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, उठवून बसवणे हे त्यात शिकवतात. पण त्याने मुलगी नर्स होत नाही. घरी रुग्णसेवेला माणूस ठेवणाऱ्या वाचकांनीही हा फरक लक्षात ठेवावा आणि रुग्णसहायकाकडून सलाईन किंवा इंजेक्शनची अपेक्षा करू नये.

तेव्हा, आजोबा, ते सत्तर हजार भरू नका. गुडघ्यांचे पैसे गुडघ्यांसाठीच राहू द्या. उपकेंद्रातील सिस्टरकडे नातीला घेऊन जा. त्या कोठे शिकल्या, वसतिगृहात किती दिवस राहिल्या, रात्रपाळी कशी गेली, नोंदणीला काय लागले, हे नातीला स्वतः विचारू द्या. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, रहिवासी प्रमाणपत्र ही कागदपत्रे आताच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरतात. त्यानंतरही फी कमी पडली तर बँकेकडे शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. उपचाराच्या पैशाला हात लावण्याची वेळ त्यानंतरची.

आणि नातीला एक प्रश्न अवश्य विचारा: ‘बाई, तुला हे खरोखर करायचे आहे काय?’ आजीची सेवा तिने मायेने केली. पण परक्या रुग्णांच्या वॉर्डात रात्र काढणे निराळे. ‘हिला सवय आहेच, हिला नर्सच करू’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्या मायेलाच आपण तिचा व्यवसाय ठरवून टाकतो. ती हो म्हणाली तर तिच्याइतकी योग्य विद्यार्थिनी मिळणे कठीण. ती नाही म्हणाली तर तो कृतघ्नपणा समजू नये.

दुसरा प्रश्न राहिला: आजीजवळ कोण बसेल? हा प्रश्न जड आहे आणि त्याचे उत्तर अठरा वर्षांच्या मुलीवर टाकून चालणार नाही. घरात मुलगा, सून, शेजारी राहणारे नातलग असतील त्यांना एकत्र बसवा आणि दिवसाचे भाग पाडून द्या: सकाळची अंघोळ एकाकडे, दुपारचे जेवण व गोळ्या दुसऱ्याकडे, रात्र तिसऱ्याकडे. नात घरी आहे तोवर कुशी बदलण्याची आणि पाठीची त्वचा रोज तपासण्याची रीत तिने सर्वांना शिकवावी, गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवाव्यात. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या तपासणीची आणि फिजिओथेरपीची तरतूद आहे. हिंगोलीला जाल तेव्हा तेथे चौकशी करा. व्यायामाने हातपाय थोडे जरी चालते झाले, तरी सांभाळणाऱ्यांचा भार हलका होतो.

आजींशीही या विषयावर मोकळेपणे बोला. आपल्यामुळे पोरीचे शिक्षण अडले, ही खंत अंथरुणावरच्या माणसाला आतून पोखरते. नात शिकायला गेली आणि सुटीत येऊन तिने आजीचा रक्तदाब स्वतः मोजला, तर त्या दिवशी आजींना घास गोड लागेल.

प्रवेशाचे काय ठरले, ते आम्हांला अवश्य कळवा.