सही मात्र मुंबईची

सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडतो आणि डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या कट्ट्यावर शांतता पसरते. निवृत्त बँकवाले सगळे. एकदम मोबाइलमध्ये शिरतात. परवा मात्र बाजार बाजूला राहिला आणि वाद पेटला. "गिफ्ट सिटी वाढली की मुंबई संपली," असं एकाने जाहीर केलं. (कोथरूडकर म्हणत नाही, जाहीर करतो.) मला हा निकाल घाईचा वाटला. शेजारी वाढू लागला की मुंबई काय करते, हे पुण्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?

आधी आले कारखाने. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि मुंबईत जागेला महाग झालेला उद्योग पिंपरी-चिंचवडला ऐसपैस पसरला. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. शहराने कात टाकली. किंमत मोजली गिरणी कामगाराने.

त्याच १९८२ मध्ये पुण्याने स्वतःचा शेअर बाजार काढला. पुढे १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार संगणकावर सुरू झाले आणि उपग्रहामार्फत मुंबईचा भाव थेट पुण्यातल्या दलालाच्या टेबलावर आला. मग इथल्या बाजारात सौदा कोण करणार? २०१५ मध्ये सेबीने पुणे शेअर बाजाराला रीतसर निरोप दिला. कुणी फारसं हळहळलंही नाही.

आता खराडी-येरवड्याकडे बार्कलेज, डॉइशसारख्या परदेशी बँकांची मोठी कामं चालतात. कोथरूडमधल्या कितीतरी घरांतली मुलं लंडनच्या घड्याळावर जेवतात. पण याच बँकांचा भारतातला मुख्य कारभार मुंबईतून चालतो. ज्या कामाला माणसं आणि जागा लागते, ते पुण्याला. पैसा कुणाला द्यायचा, ते ठरणार मुंबईत; सही मुंबईची. हाँगकाँगनेही हेच केलं. ऐंशीच्या दशकात कारखाने शेन्झेनकडे जाऊ दिले, बँका ठेवल्या. २०१४ मध्ये शांघायच्या शेअर बाजाराशी थेट जोडणी करून चीनच्या वाढीत आपला वाटा पक्का केला.

गांधीनगरचं, म्हणजे गिफ्ट सिटीचं, प्रकरण वेगळं आहे, हे कट्ट्यावरच्या मित्राचं म्हणणं मला मान्य आहे. त्या शेजाऱ्याला काम नको, सहीच हवी. करसवलती आहेत, स्वतंत्र नियामक आहे. जुलै २०२३ मध्ये सिंगापूरचे निफ्टीचे सौदेसुद्धा तिथे गेले. सिंगापूर रुसलं नाही. आपल्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी तिकडे पोचवण्याची सोय करून बसलं. आणि तिथे हे सौदे होतात तो बाजार कुणाचा? मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्याच उपकंपनीचा. दलाल स्ट्रीटनेही तिथे आपलं दुकान थाटलंय.

म्हणून मला मुंबईची काळजी वाटते ती गांधीनगरमुळे नाही. मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र कसं करायचं, यावर पर्सी मिस्त्री समितीने २००७ मध्येच अहवाल दिला होता. तो अमलात आणण्याची निकड ना दिल्लीला वाटली, ना मंत्रालयाला. शेजाऱ्याची घाई हा काही गुन्हा नाही. आपली दिरंगाई मात्र आपलीच.

पुण्याचं काय? मुंबईची जागा घेण्याची स्वप्नं आपण पाहू नयेत. पण सही करण्याचा सराव आपल्यालाही आहे. १९०६ पासूनची कॉसमॉस बँक, १९३५ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र आणि अलीकडची बजाज फिनसर्व्ह, तिघींची मुख्यालयं इथलीच. परदेशी बँकेचं नवं संकुल आलं की आपण किती हजार नोकऱ्या मिळणार, एवढंच विचारतो. त्यातल्या किती जणांना कर्ज मंजूर करण्याचा अधिकार असेल, हेही विचारायला हवं. आकडे तपासणाऱ्यांचं शहर म्हणून आपलं नाव झालंय. आता पाच-पन्नास निर्णय घेणारेही इथे बसू देत.