कोशिंबीर कुणाची?

बकरी ईद आता उन्हाळ्यात सरकली आहे. 2023 साली ती 29 जूनला होती, 2024 साली 17 जूनला आणि 2025 साली 7 जूनला. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे पुढची काही वर्षे ही ईद मे आणि मग एप्रिलच्या उन्हात येणार. वळीव पडण्याआधीचे गडहिंग्लजचे ऊन कसे असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. तशा उन्हात ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परड्यात किंवा स्लॅबवर सीख लागते. पूर्वी चार विटा, एक जाळी आणि कोळसा एवढ्यावर भागायचे. आता ऑनलाइन मागवलेली पत्र्याची शेगडी असते आणि तिला 'बार्बेक्यू' म्हणायचे असते. नाव नवे, धूर तोच.

त्या धुराशी माझे भांडण नाही. सीख मलाही आवडते. माझे भांडण सीखेच्या शेजारच्या रिकाम्या जागेशी आहे. तिथे काय असते? कांद्याच्या चकत्या, लिंबाच्या फोडी, आणि अलीकडे मेयोनीजमध्ये बुडवलेला कोबी. या कोबीला सॅलड म्हणतात. "काकडीची कोशिंबीर करूया" असे म्हटले तर उत्तर येते, "ते त्यांच्या पंगतीतलं, दावतीत कोण खातंय?"

मी म्हणते, कोशिंबीर आपली आहे. दस्तरखानावर ती सीखेइतक्याच मानाने आली पाहिजे. ती येत नाही यात आपल्या पोटाचे नुकसान आहे आणि शेजाराचेही.

आधी बाहेरच्यांबद्दल बोलते. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एका शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले असताना एका सहकारी बाईंनी मला विचारले होते, "मॅडम, तुमच्यात रोज भाजीबिजी करतात का हो?" विचारण्यात खोट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागले. माझ्या डब्यात त्या दिवशी दोडक्याची भाजी होती. आमच्या घरी आठवड्यातले पाच दिवस भाजी-आमटीच असते. पण माणूस डब्याकडे बघत नाही, नावाकडे बघतो.

बरे, हे घडते कुठे, तर कोल्हापूर जिल्ह्यात! जिथे तांबडा-पांढरा रस्सा ही अख्ख्या जिल्ह्याची ओळख आहे, जिथे रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर सगळ्या जातींची रांग लागते. तेच मटण त्यांच्या ताटात पडले की 'कोल्हापुरी' होते आणि माझ्या ताटात पडले की 'मुसलमानी'. हा चमत्कार मसाल्याचा नाही, नजरेचा आहे.

आणि भाजीचे म्हणाल तर पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारात जाऊन बघा. फळे आणि भाजीपाला विकण्याचा पिढीजात धंदा कुणाचा? बागवानांचा. बागवान म्हणजे फारसीत बाग राखणारा, माळी. या समाजाचे नावच बागेवरून पडले. ज्यांच्या हातून तुमच्या घरात काकडी, कोथिंबीर, लिंबू, मिरची आली त्यांनाच तुम्ही विचारता की तुमच्यात भाजी करतात का? कोशिंबिरीत पडणाऱ्या पुदिन्याचे नावसुद्धा फारसीतून आलेले आहे. त्यावाचून कुणाची चटणी अडल्याचे ऐकिवात नाही.

आता आपल्या माणसांकडे वळते, कारण बाहेरच्यांना दोन शब्द सुनावणे सोपे असते. 'कोशिंबीर त्यांची, कचुंबर आपले' ही वाटणी कुणी केली? कचुंबर मराठी घरातही होते, आपल्याही घरात होते. उर्दूत त्याला कचूमर म्हणतात आणि 'कचूमर निकालना' म्हणजे ठेचून भुगा करणे. मराठीतही आपण एखाद्याचे कचुंबर करतोच. शब्द दोन्ही घरांत सुखाने नांदतो आहे, भिंत आपण घालतो आहोत.

जिन्नसांची कुळे काढायची तर पंचाईतच होईल. काकडी याच देशातली, हिमालयाच्या पायथ्याची. टोमॅटो, मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातून आले. मिरची पोर्तुगिजांनी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली आणि आज गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे सौदे होतात. समुद्र ओलांडून आलेली मिरची इथली झाली, दाण्याचे कूट इथले झाले. मग याच मातीत शतकानुशतके राहिलेल्या माणसाने कोशिंबिरीला 'त्यांची' म्हणावे, यापरते स्वतःला परके करणे कोणते?

दीनचा आधार हवा असेल तर तोही आहे. पैगंबर (स.) काकडीबरोबर ताजा खजूर खात असत, ही नोंद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात खजुराबरोबर खरबुजाच्या जातीचे फळ खाण्याचा उल्लेख आहे आणि त्याचे कारणही दिले आहे: एकाची उष्णता दुसऱ्याच्या थंडाव्याने मोडायची. उन्हाळ्यात निखाऱ्यावरच्या सीखेशेजारी काकडी का हवी, हे याहून वेगळे काय सांगायचे? सुन्नत म्हणून खजूर आठवतो, काकडी मात्र विसरते.

विसरण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते पुरुषमंडळींना झोंबेल. सीख हे पुरुषांचे काम. विस्तव पेटवणे, पंख्याने वारा घालणे, सीख फिरवणे, फोटो काढणे. तासाभराच्या कामाला दिवसभराचे कौतुक. ज्या कामात फोटो नाही ते आत ओट्यावर चालते. मटण धुणे, वाटण वाटणे, कांदे चिरणे, भांडी घासणे. कोशिंबीर या दुसऱ्या यादीत पडते, म्हणून ती मोजली जात नाही. थकलेल्या बाईने चार कांदे आडवे चिरून ठेवले तर दोष तिचा नाही. ज्याला बार्बेक्यूची हौस आहे त्याने विळी नाहीतर सुरी हातात घ्यावी.

कशी करायची तेही सांगते, म्हणजे 'येत नाही' ही सबब उरायला नको. दहा माणसांना एक किलो कोवळी काकडी, पाव किलो कांदा, तीन घट्ट टोमॅटो, एक लहान कैरी, दोन-तीन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना आणि वाटीभर दाण्याचे कूट. प्रत्येक काकडीचे टोक चाखून बघायचे. एक कडू काकडी सगळे पातेले घालवते. काकडी किसायची नाही, चोचवायची, म्हणजे दाताखाली लागते. कैरी किसायची. तिचा आंबटपणा असला की लिंबू थोडे पुरते. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सोलून, जाडसर कुटायचे.

खरी मेख मिठात आहे. मीठ लागले की काकडी पाणी सोडते आणि अर्ध्या तासात कोशिंबिरीचा रस्सा होतो. म्हणून सगळे चिरून, झाकून, गार जागी ठेवायचे. सीख उतरायला लागली की मीठ घालायचे, मग कूट. कूट थोडे पाणी धरून ठेवते. वरून मोहरी, जिरे, हिंग आणि कढीपत्त्याची चरचरीत फोडणी. एवढेच. यात मेयोनीजला कुठे जागा आहे?

आणि मेयोनीजचे कौतुक करणाऱ्यांनी थोडे वाचावे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमुळे विषबाधा होते म्हणून तेलंगण सरकारने 2024 च्या ऑक्टोबरअखेर त्यावर वर्षभराची बंदी घातली. 2025 च्या एप्रिलमध्ये तामिळनाडूनेही तेच केले. मे महिन्याच्या दुपारी स्लॅबवर तासभर उघडे राहिलेले असले पातेले ज्याच्या-त्याच्या तब्येतीवर सोडू नका. सुरीचेही तसेच. ज्या फळीवर कच्चे मटण कापले तिच्यावर काकडी चिरायची नाही. सीख विस्तवावर शिजते, काकडी कच्चीच पोटात जाते. कोशिंबीर मटणाला हात लावायच्या आधी, वेगळ्या सुरीने, वेगळ्या फळीवर चिरावी.

या वेगळ्या सुरीवरच माझा खरा मुद्दा उभा आहे. आपल्या गावात शेजारी लिंगायत आहेत, जैन आहेत, ब्राह्मण आहेत. रमजान ईदला शीरखुर्मा त्यांच्या घरी जातो, दिवाळीला फराळ आपल्या घरी येतो. बकरी ईदला मात्र दोन्ही बाजूंची दारे ओढून घेतलेली असतात. आपण म्हणतो, ते खात नाहीत, काय पाठवणार? ते म्हणतात, आज नको जायला. वर्षातला हा एक दिवस असा आहे की शेजारी शेजाऱ्याला टाळतो, आणि टाळण्यातून जे साचत जाते ते पुढे कुणीतरी वापरते.

मला माहीत आहे, कोशिंबिरीने दंगली थांबत नाहीत. पण कुर्बानीच्या मटणाचे आपण तीन वाटे करतो, घरचा, नातलगांचा आणि गरिबांचा. मटण न खाणाऱ्या शेजाऱ्याचा वाटा त्यात कुठेच नाही. तो कोशिंबिरीत आहे. सकाळी, मटण घरात यायच्या आधी चिरलेली, त्याला पटेल अशी, हवी तर कांद्याशिवाय. त्याने घेतली तर उत्तम. नको म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे, रुसायचे नाही, पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचे.

आणि शेजारच्या काकूंनाही माझे सांगणे आहे. त्या दिवशी दार वाजले तर वाटीत काय आहे ते आधी बघा. आत काकडी असेल, कैरी असेल, तुमच्याआमच्या शिवारातल्या शेंगांचे कूट असेल. चव घ्या. मीठ कमी वाटले तर तसे सांगा. आम्ही शेजारीच राहतो.