रिकाम्या फळ्या आणि उशिरा आलेला शब्द

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी कोरोनाच्या साथीमुळे २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच मध्यरात्री लागू झाली. मधल्या चार तासांत देशभर किराणा दुकानांसमोर झुंबड उडाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. सणाची तयारी बाजूला ठेवून लोक पीठ, तांदूळ, तूरडाळ आणि तेलाच्या पिशव्यांसाठी धावत होते. त्या गर्दीची छायाचित्रे पाहून अनेकांनी निकाल दिला, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ हा निकाल अन्यायाचा आहे. ग्राहकांचे प्रश्न मांडणाऱ्या या स्तंभाने तरी तो मान्य करू नये.

भाषणात आवश्यक वस्तूंचा पुरवठा सुरू राहील, असे आश्वासन होते. पण कोपऱ्यावरचा वाणी उद्या दुकान उघडेल का, दूध येईल का, भाजी कुठे मिळेल, हे ऐकणाऱ्याला त्यातून कळत नव्हते. त्याला एवढेच कळले की घराबाहेर पडायला पूर्ण बंदी आहे. सविस्तर नियमावली आणि ‘घाबरून खरेदी करू नका’ हे आवाहन त्यानंतर आले. तोवर लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर आले होते. ज्याच्या घरात दोन दिवसांचे पीठ आहे आणि ज्याला २१ दिवस बाहेर पडू नका असे सांगितले आहे, तो माणूस दुकान गाठतो तेव्हा तो संसार सांभाळत असतो.

फळ्या रिकाम्या व्हायला साठेबाजाचीसुद्धा गरज नसते. शंभर घरांची एक वसाहत घ्या. प्रत्येक घर महिन्याला पिठाची एक पिशवी नेते, म्हणजे वाण्याकडे रोज तीन-चार पिशव्या खपतात. तो वीस पिशव्या ठेवतो आणि दर पाच-सहा दिवसांनी माल भरतो. आता एका संध्याकाळी त्यातली चाळीस घरे एकदम आली आणि प्रत्येकाने नेहमीची एकच पिशवी मागितली, तरी निम्मे लोक रिकाम्या हाताने परततील. कोणी हावरेपणा केला नाही, कोणी एक किलोही जास्त मागितले नाही. फक्त सगळ्यांची खरेदीची तारीख एक झाली. रिकामी फळी पाहून गेलेला माणूस मात्र शेजाऱ्याला सांगतो, ‘माल संपलाय.’ मग उरलेली साठ घरेही निघतात आणि ती एकेक पिशवीवर थांबत नाहीत.

धान्य तर देशात भरपूर होते. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत तेव्हा गहू आणि तांदूळ मिळून पाच कोटी टनांहून अधिक साठा होता, आणि उत्तरेत गव्हाचे नवे पीक कापणीला आले होते. अडले ते गोदामापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर. राज्यांच्या सीमांवर ट्रक उभे राहिले, हमरस्त्यावरचे ढाबे बंद झाले, गिरण्यांत आणि बाजार समित्यांत हात कमी पडले. ‘आवश्यक’ मालालाच वाहतुकीची मुभा होती, पण पिठाला लागणारी पिशवी आणि बिस्किटाचा पुठ्ठ्याचा खोका आवश्यक की अनावश्यक, हे नाक्यावरच्या पोलिसाने कसे ठरवायचे? अखेर २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने असा भेद न करता सर्व मालाच्या वाहतुकीला परवानगी दिली. हा निर्णय टाळेबंदीच्या घोषणेसोबतच हवा होता.

या धावपळीची खरी किंमत वेगळ्याच लोकांनी मोजली. पगारदाराने महिन्याचे सामान एका रात्रीत भरले. जो रोजच्या मजुरीतून रोजचे पावशेर तेल आणि किलोभर तांदूळ नेतो, त्याला भरून ठेवता येत नाही. तो दुसऱ्या दिवशी दुकानात पोचतो तेव्हा माल संपलेला किंवा महागलेला असतो, आणि त्याची मजुरी तर बंदच झालेली असते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी हेच दाखवले. १९४१ पेक्षा १९४३ मध्ये तिथे अधिक धान्य उपलब्ध होते, तरी लाखो माणसे मेली, कारण ते विकत घेण्याची ताकद त्यांच्या हातून गेली होती. २०२० मध्ये आपण तिथवर गेलो नाही, याचे मोठे श्रेय रेशन दुकानाला आहे. २६ मार्चला केंद्राने सुमारे ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो मोफत धान्य जाहीर केले. महाराष्ट्राने शिवभोजन थाळी दहाऐवजी पाच रुपयांना दिली. पण केशरी कार्डधारकांना सवलतीचे धान्य उशिरा मिळू लागले, आणि ज्यांच्याकडे कुठलेच कार्ड नव्हते त्या स्थलांतरित मजुरांसाठी केंद्राची घोषणा झाली १४ मे रोजी, टाळेबंदीनंतर सात आठवड्यांनी. तोवर त्यांतले असंख्य जण गावाची वाट पायी तुडवत होते.

गर्दी आवरता येते, हेही याच काळात दिसले. २६ मार्चला महाराष्ट्र सरकारने जीवनावश्यक वस्तूंची दुकाने चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली. दुकान केव्हाही उघडे आहे म्हटल्यावर आत्ताच धावण्याचे कारण उरत नाही. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स या दुकानसाखळीने मार्चच्या सुरुवातीलाच टॉयलेट पेपरवर माणशी चार पाकिटांची मर्यादा घातली आणि पुढे सकाळचा एक तास वृद्ध व अपंगांसाठी राखून ठेवला. आपण मात्र शिकलेला धडा वर्षभरात विसरलो. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत राज्यात किराणा दुकानांची वेळ सकाळी सात ते अकरा अशी आखडली. दिवसभराचे गिऱ्हाईक चार तासांत कोंबले, की रांगेतले अंतर कागदावरच राहणार.

साथ पुन्हा येईल, पूर येईल, आणखी काही येईल. तेव्हासाठी ग्राहकांनी आत्ताच चार मागण्या लावून धरायला हव्यात. बंदीची घोषणा करणाऱ्यानेच, त्याच घोषणेत, कोणती दुकाने किती वेळ उघडी राहतील हे सांगावे. दुकानांच्या वेळा कमी न करता वाढवाव्यात. माणशी मर्यादा पहिल्या दिवसापासून असावी आणि ती दुकानाच्या दारावर लिहिलेली असावी. आणि कार्ड असो वा नसो, मागेल त्याला रेशन दुकानातून आठवडाभराचे धान्य देण्याचा आदेश आधीच तयार असावा, म्हणजे त्याला सात आठवडे वाट पाहावी लागणार नाही.

आपल्या बाजूने एकच गोष्ट करायची आहे. घरात पंधरा दिवसांचे सामान असेल, तर त्या रात्री दुकानात जायचे नाही. तेवढी जागा रोजचे रोज आणणाऱ्यासाठी सोडायची. मात्र नागरिकांकडून ही शिस्त मागण्याचा अधिकार सरकारला तेव्हाच मिळतो, जेव्हा उद्याच्या अन्नाचा शब्द ते आजच देते आणि पाळते.