बझर वाजला, पण कशामुळे?



विज्ञान प्रदर्शनात ढिगाऱ्याखालचा माणूस शोधणारं उपकरण तुम्ही पाहिलं असेल. काही शे रुपयांचा गॅस सेन्सर, एक आर्डुइनो, एक बझर. मुलाने फुंकर मारली की बझर वाजतो आणि आपण टाळ्या वाजवतो. माझं म्हणणं एवढंच, की टाळ्यांआधी एक प्रश्न विचारा: "बाळा, हा आणखी कशाकशाने वाजेल?"

यामागची कल्पना खरी आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 0.04 टक्के असतो, तर उच्छ्वासात सुमारे 4 टक्के. म्हणजे शंभर पट! चुन्याची निवळी दुधाळ करतो तो हाच वायू. शिवाय श्वासातून आणि त्वचेतून अ‍ॅसिटोन, अमोनिया, आयसोप्रीन अगदी सूक्ष्म प्रमाणात बाहेर पडतात. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी 2018 मध्ये या तिन्ही वायूंचे सेन्सर आणि जोडीला कार्बन डायऑक्साइड व आर्द्रतेचे सेन्सर असा छोटासा संच तयार केला.

पाच खुणा कशाला? कारण एक खूण फसवते. प्रदर्शनातला स्वस्त सेन्सर माणूस ओळखत नाही. त्यातल्या गरम धातू-ऑक्साइडच्या थराचा विद्युत रोध बदलतो, बस्स. तो धुराने बदलतो, सॅनिटायझरने बदलतो, गळणाऱ्या सिलिंडरनेही बदलतो.

खऱ्या दुर्घटनेत याची किंमत मोठी असते. बझर चुकीच्या जागी वाजला, तर पथक तिथेच खणत बसेल आणि पलीकडे कुणाचा तरी श्वास संपत जाईल. उलटंही होतं. कोसळलेल्या इमारतीत फटी असतात, तिथून वायू वर येतो. पण 2014 मध्ये माळीणवर आला तसा ओल्या मातीचा थर असेल, तर वायूला वाटच कुठे मिळणार? बझर गप्प आहे, म्हणजे खाली कुणी नाही, असं म्हणता येत नाही.

मग हा प्रकल्प करूच नये का? जरूर करावा. दुर्घटनेनंतर सर्वांत आधी धावतात ते गावकरीच. प्रशिक्षित कुत्री आणि महागडी यंत्रं पोचायला वेळ लागतो. स्वस्त साधनाची गरज आहेच, फक्त त्याच्या मर्यादा माहीत हव्यात.

म्हणून मुलांना एक तक्ता करायला सांगा: श्वास, उदबत्तीचा धूर, सॅनिटायझर, ओली माती. प्रत्येक वेळी बझर वाजला का, किती अंतरावरून वाजला, हे त्यांनी लिहावं. आणि परीक्षक म्हणून गेलात, तर बझर कुठे चुकतो हे सांगणाऱ्या मुलाला जास्त गुण द्या.